अण्णांचा लॅपटॉप आणि दुसरी किल्ली



संस्थेला २५ वर्षे पूर्ण होत आहेत, स्मरणिकेसाठी तुम्ही संस्थेचा इतिहास लिहा, असं समितीनं सांगितलं तेव्हा मी मोठ्या उत्साहानं होकार दिला. ३६ वर्षं बँकेत काढली, जुनी रजिस्टरं बघून चार पानं लिहायला काय लागतं, असा माझा समज. कपाट उघडल्यावर तो समज गेला. २००० सालचं नोंदणीपत्र, प्लॉटचा नकाशा, पहिल्या दहा वर्षांच्या कीर्द-खतावण्या आणि इतिवृत्ताच्या वह्या होत्या. त्यातल्या निम्म्यांना वाळवी लागलेली, उरलेल्यांना मलकापूरच्या पावसाची ओल. २०१७ नंतरचा हिशेब कोल्हापूरच्या हिशेबनिसांच्या संगणकावर व्यवस्थित आहे. मधली सात वर्षं मात्र हाताला लागेनात. ऑडिटचे अहवाल होते, पण अहवालात बेरजा दिसतात, माणसं दिसत नाहीत.

ती सात वर्षं कुठं आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. ती आपले त्यावेळचे खजिनदार, म्हणजे आपल्या सर्वांचे अण्णा, यांच्या लॅपटॉपमध्ये होती. अण्णा २०१७ च्या जूनमध्ये अचानक गेले. लॅपटॉप वहिनींच्या कपाटात जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेला. आणि त्याचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. २०१० साली संस्थेनं तो लॅपटॉप घेतला त्याच वर्षी मी सेवानिवृत्त होऊन इथं कायमचा राहायला आलो. अण्णा प्राथमिक शिक्षक, संगणक त्यांना नवा. "साहेब, पासवर्ड म्हणजे काय ठेवायचं?" असं त्यांनी मलाच विचारलं होतं. मी बँकेच्या थाटात सांगितलं, "अक्षरं आणि आकडे मिसळून ठेवा, कुठं लिहू नका, आणि कुणालाही सांगू नका. घरातसुद्धा नाही." अण्णा आज्ञाधारक माणूस. त्यांनी माझा शब्द शेवटपर्यंत पाळला.

'नेहमीचा'

वहिनींनी लॅपटॉप काढून दिला. चार्जर दुसऱ्याच घरातून मिळाला. बटण दाबलं तर यंत्र सुरू झालं, अण्णांचं नाव आलं आणि त्याखाली पासवर्डची पांढरी पट्टी. एकदा काहीतरी चुकीचं टाकलं तेव्हा खाली सूचना उमटली. पासवर्ड आठवावा म्हणून मालकानं स्वतःसाठी लिहून ठेवायची ती खूण असते. इंग्रजी अक्षरांत अण्णांनी लिहिलं होतं, 'नेहमीचा'.

आता अण्णांचा नेहमीचा कोणता? मुलांची नावं झाली, शाळेचं नाव झालं, स्कूटरचा नंबर झाला, लग्नाची तारीख वहिनींनी सांगितली तीही झाली. दोन संध्याकाळी आम्ही चार म्हातारे चहा पीत तेच करत बसलो होतो. पट्टी काही हलली नाही.

तिसऱ्या दिवशी मी एका दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेलो. तिथल्या मुलानं बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "काका, फॉरमॅट मारूया. तासाभरात नव्यासारखा करून देतो." मी विचारलं, आतल्या फायलींचं काय? तो म्हणाला, "त्या जाणार की." मी लॅपटॉप उचलला आणि यष्टी धरून परत आलो.

तोफेनं उघडलेली दारं

येताना गाडीत मनात आलं, की तोफ लावून दार उघडण्याचा हा प्रकार आपल्या भागाला नवा नाही. १८४४ साली कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांचं बंड झालं. पिढ्यान् पिढ्या गड राखणाऱ्या शिबंदीच्या जमिनी आणि हक्क नव्या कारभारात धोक्यात आले, तेव्हा सामानगडासारख्या किल्ल्यांवरच्या गडकऱ्यांनी दरवाजे आतून बंद करून घेतले. पन्हाळ्यावर तर इंग्रजांचे कर्नल ओव्हान्स यांनाच कैदेत ठेवलं होतं. इंग्रज फौजेनं तोफा लावून तट फोडले, १ डिसेंबर १८४४ रोजी पन्हाळा घेतला. दारं उघडली खरी, पण गड गडाच्या रूपात उरले नाहीत. तटबंद्या पाडून टाकल्या. आपला विशाळगडही त्यातच मोडीत निघाला आणि तिथल्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचं ठाणं खाली आपल्या मलकापुरात आलं. म्हणजे आज या गावाचं जे महत्त्व आहे, त्याचा एक धागा त्या बंद दरवाजांपर्यंत जातो.

कुलूप फोडणं आणि कुलूप उघडणं यात हा फरक आहे. फोडल्यावर आत काय होतं ते बघायला फारसं काही राहत नाही.

बँकेतली दुसरी किल्ली

मी १९७४ साली बँकेत लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मॅनेजर साहेबांनी मला तिजोरीची खोली दाखवली आणि एकच वाक्य सांगितलं, इथं एकट्या माणसाला काहीही उघडता येत नाही. तिजोरीला दोन कुलपं. एक किल्ली रोखपालाकडं, दुसरी अधिकाऱ्याकडं. दोघं एकत्र आल्याशिवाय दार हलत नाही. कोणाकडं कोणती किल्ली कोणत्या तारखेला गेली याचं स्वतंत्र रजिस्टर, त्यावर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही.

पण याहून शहाणपणाची गोष्ट वेगळीच होती. किल्ल्यांचा एक दुसरा संच असायचा. तो पाकिटात घालून, लाखेनं सील करून, दुसऱ्या शाखेत ठेवलेला असायचा. मधूनमधून ते संच बदलायचे, म्हणजे दुसरा संच खरंच चालतो की नाही ते कळायचं.

हे सगळं मला सुरुवातीला कागदी घोडे वाटायचं. १९८० च्या दशकात कोकणातल्या एका शाखेत असताना त्याचा अर्थ कळला. पावसाळ्याचे दिवस. आमचे रोखपाल शनिवारी गावी गेले ते किल्ली खिशात घेऊन, आणि घाटात दरड कोसळल्यानं तिकडंच अडकले. सोमवारी सकाळी शाखेसमोर रांग, आत तिजोरी बंद. त्या दिवशी शेजारच्या शाखेतून सीलबंद पाकीट घेऊन शिपाई यष्टीनं आला, दुपारी अडीच वाजता तिजोरी उघडली. कुणाचा पगार थांबला नाही, कुणाच्या घरचं लग्न अडलं नाही. आणि तिजोरीवर हातोडाही पडला नाही.

तिजोऱ्यांवरून आठवलं. आर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत १८९७ साली कुलपांचा कारखाना काढला आणि १९०२ साली तिजोरी बनवायला घेतली. मजबूत कुलूप देशातच बनू लागलं हे मोठंच काम झालं. पण कुलूप कितीही चांगलं असलं तरी ते मालक आणि चोर यांच्यात भेद करत नाही. ज्याच्या हातात किल्ली तो त्याच्यासाठी मालक. म्हणून माणसांनी व्यवस्था लावून ठेवावी लागते. खातेदार गेल्यावर पैसे कुणाला द्यायचे, हा प्रश्नही असाच. १९८३ च्या कायदादुरुस्तीनं बँकेतल्या ठेवी आणि लॉकर यांना नामनिर्देशनाची सोय झाली. आपल्या सहकारी कायद्यातही सभासदाच्या पश्चात वारसाची नोंद करायची तरतूद आहेच. लॉकर फोडायची वेळ आलीच तर बँकेचा अधिकारी आणि स्वतंत्र साक्षीदार समोर असावे लागतात, आतल्या प्रत्येक वस्तूची यादी करावी लागते. इतकी काळजी आपण सोन्याच्या चार बांगड्यांसाठी घेतली.

मग संगणक आला, आणि आपण ही सगळी शिकवण विसरलो.

पासवर्ड कुठून आला

संगणकावरचा पासवर्ड तसा अगदी तरुण आहे, माझ्यापेक्षाही लहान. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत १९६१ साली फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच मोठा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था दाखवली. यंत्र एक, माणसं अनेक, प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून ज्याला त्याला एक परवलीचा शब्द दिला. पुढच्याच वर्षी तिथल्याच ॲलन शेर या विद्यार्थ्यानं पासवर्डची पूर्ण यादी छापून काढली. त्याला आठवड्याला चारच तास संगणक मिळायचा आणि तेवढ्यात त्याचं संशोधन भागत नव्हतं! सगळ्यांच्या किल्ल्या एकाच खुंटीला टांगल्या की काय होतं, हे पहिल्याच वर्षी दिसलं.

त्यावर उपाय निघाला तो असा, की पासवर्ड जसाच्या तसा साठवायचाच नाही. त्याचं गणितानं असं पीठ करायचं की त्या पिठातून पुन्हा दाणे करता येऊ नयेत. तुम्ही पासवर्ड टाकला की यंत्र त्याचं पुन्हा पीठ करतं आणि साठवलेल्या पिठाशी ताडून बघतं. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांचा यावरचा १९७९ सालचा लेख या विषयातला पायाचा मानतात. म्हणून हल्ली कोणतीही नीट चालणारी यंत्रणा तुम्हाला तुमचा जुना पासवर्ड सांगत नाही, फक्त नवा करून देते. तिला स्वतःलाच तो माहीत नसतो.

आपल्याकडं बँकांत यंत्र शिरलं ते वादावादीनंतर. ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँक व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा पहिला मोठा करार झाला, पुढच्या वर्षी डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला. माझ्या हाताखाली लेजर पोस्टिंगचं यंत्र आलं तेव्हा जुने हेडकॅशियर दोन दिवस त्याच्याकडं पाठ करून बसले होते. पुढं केंद्रीय दक्षता आयोगानंच बजावलं की २००० साल संपेपर्यंत ७० टक्के व्यवसाय संगणकावर आला पाहिजे. यंत्रं आली, पासवर्ड आले. दर महिन्याला बदला, असा आदेश. मग लोकांनी काय केलं? शेवटी १, पुढच्या महिन्यात २, त्यानंतर ३. काहींनी कीबोर्डच्या खाली चिठ्ठी चिकटवली. सारखा पासवर्ड बदलण्यानं सुरक्षा वाढत नाही हे अमेरिकेच्या मानक संस्थेनं २०१७ साली मान्य केलं आणि ती सक्ती नको असं सांगितलं. आमच्या शिपायाला ते १९९८ मध्येच कळलं होतं.

असो. सांगायचा मुद्दा हा की तिजोरीला दुसरी किल्ली असते हे ज्या बँकेनं मला शिकवलं, त्याच बँकेत मी 'पासवर्ड कुणालाही सांगू नका' एवढंच शिकलो. दोन्ही बरोबर आहेत. पण पहिलं सोडून दुसरं तेवढं मी अण्णांना सांगितलं.

असा प्रसंग मोठमोठ्या संस्थांवरही येतो. नॉर्वेमध्ये इवार ओसेन या भाषापंडिताच्या नावानं एक केंद्र आहे. तिथं राइडार युपेडाल नावाच्या अभ्यासकाच्या ग्रंथसंग्रहाची संगणकावरची यादी होती. पासवर्ड ज्याला माहीत होता तो माणूस निवर्तला, आणि हजारो पुस्तकांची यादी आतच राहिली. २००२ साली केंद्रानं जगाला हाक दिली, कुणाला उघडता येईल का? काही तासांतच उत्तर आलं. पासवर्ड म्हणजे युपेडाल हे आडनावच उलटं लिहिलेलं होतं. हे वाचल्यावर आम्ही अण्णांचंही आडनाव उलटं करून बघितलं. नाही उघडलं.

पुढचं दार बंद, कपाट उघडं

शेवटी दिवाळीच्या सुट्टीत माझा नातू आला. तो इंजिनिअरिंगला आहे. त्यानं दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "आजोबा, हे कुलूप पुढच्या दाराला आहे, कपाटाला नाही."

त्यानं समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. त्या काळच्या साध्या लॅपटॉपमध्ये पासवर्ड विचारणारी असते ती विंडोज ही व्यवस्था. ती म्हणजे दारावरचा रखवालदार. फायली ज्या हार्डडिस्कवर असतात, ती मात्र सांकेतिक लिपीत लिहिलेली नसते. डिस्क बाहेर काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तर हा रखवालदार वाटेत येतच नाही. यंत्र सुरू होताच, विंडोजच्याही आधी पासवर्ड मागितला असता, तर मामला अवघड होता. मोठ्या संगणकात आतला छोटा गोल सेल काढला की तो पासवर्ड बहुधा जातो, लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा तसंही होत नाही. आपलं नशीब, तसलं काही नव्हतं.

"मग उघडू?" नातवानं स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन विचारलं. मी म्हटलं, थांब. लॅपटॉप संस्थेचा, पण माणूस वहिनींचा. आधी वहिनींची लेखी संमती घेतली, मग समितीचा ठराव केला. आणि अध्यक्ष, सचिव, वहिनी आणि त्यांचा मुलगा यांच्यासमोर, लॉकर उघडतात तसं, आमच्या बैठकीच्या खोलीत टेबलावर वर्तमानपत्र पसरून ते काम केलं.

खालचे चार स्क्रू काढले. तळहाताएवढी डिस्क निघाली. एका वायरनं ती नातवाच्या लॅपटॉपला जोडली. आठ वर्षं बंद पडलेली वस्तू फिरेल की नाही याची धाकधूक होती. हळू खरखर आवाज आला आणि पडद्यावर पिवळ्या फोल्डरांची रांग लागली. नातवानं पहिलं काम केलं ते सगळ्याची नक्कल करण्याचं. जुन्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही, बघायचं ते नकलेत, हे त्याचं म्हणणं मला फार आवडलं. मूळ दस्त जपून ठेवून नक्कलेवर काम करायचं, हे आम्हीही करत होतो.

दुसरं कुलूप

इतिवृत्ताची पहिली फाईल उघडली आणि सगळ्यांचे चेहरे पडले. आत मराठी नव्हतंच. कंस, टिंबं, परदेशी अक्षरं, डॉलरची चिन्हं, असा सगळा खिचडा. अध्यक्ष म्हणाले, "गेलं सगळं. व्हायरस लागला."

व्हायरस नव्हता. आपल्यापैकी ज्यांनी २००० च्या आसपास मराठी टंकलेखन केलं त्यांना हे ठाऊक असेल. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये तेव्हा मराठी लिहीत. त्यात संगणकाच्या दृष्टीनं अक्षर इंग्रजीच असतं, त्यावर चित्र तेवढं देवनागरीचं चढवलेलं. तो फॉन्ट यंत्रात नसला की चित्र गळून पडतं आणि खालची निरर्थक अक्षरं उघडी पडतात. जगातल्या सगळ्या लिपींना स्वतंत्र क्रमांक देणारी युनिकोड पद्धत १९९१ साली आली, देवनागरी तिच्यात पहिल्यापासून होती, पण आपल्या कार्यालयांत ती रुळायला आणखी वीस वर्षं गेली.

मला मोडीची आठवण झाली. आपल्या शाहूवाडी-पन्हाळा भागात कित्येक घरांत पेटीच्या तळाशी जमिनीचे, इनामाचे मोडी कागद आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत, पण वाचणारा नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारात होती, माझ्या आजोबांची सही मोडीत होती. दोन पिढ्यांत ती बंद पडली. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकाळाचे मोडी रुमाल आजही आहेत, आणि ते वाचायला मोडी शिकलेला माणूस लागतो. या मोडीलाही २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली. आजोबांच्या कागदांना शंभर वर्षांनी जे झालं, ते अण्णांच्या फायलींना पंधरा वर्षांत झालं.

फरक एवढाच की अण्णांच्या कुलपाची किल्ली त्याच पेटीत होती. नातवानं जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या फोल्डरमधून फॉन्ट शोधून काढले, ते स्वतःच्या यंत्रात घातले आणि फाईल पुन्हा उघडली. पडद्यावर शब्द उमटले, 'आजच्या सभेस खालील सभासद हजर होते.' खाली नावं. त्यातले पाच जण आज आपल्यात नाहीत. वहिनींनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

टाकीचा हिशेब

आता जे सांगायचं ते सांगतो, कारण ते न सांगता संस्थेचा इतिहास लिहिणं खोटेपणाचं होईल.

२०१२ साली पाण्याची मोठी टाकी झाली. २४ घरं, प्रत्येकी ४,००० रुपये वर्गणी, म्हणजे ९६,००० रुपये. ती वर्गणी वेगळी गोळा केली होती. अण्णा गेल्यावर कपाटात ज्या पावत्या सापडल्या त्यांची बेरीज ८१,००० च्या आसपास भरत होती. बाकीच्या बिलांचा वाळवीनं चुरा केलेला. २०१८ च्या सर्वसाधारण सभेत कुणीतरी विचारलं, बाकीच्या पंधरा हजारांचं काय? उत्तर द्यायला अण्णा नव्हते. आरोप असा कुणी केला नाही. पण आपल्याकडं आरोप करावा लागत नाही, "लॅपटॉपला पासवर्ड कशाला लागतो हो?" एवढं पुरतं. मी त्या सभेत पहिल्या रांगेत होतो. बँकेतला माणूस म्हणून माझ्या शब्दाला किंमत होती. मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर माझ्याही मनात शंका होती. वहिनी त्यानंतर सभेला आल्या नाहीत.

'टाकी' नावाची फाईल उघडी होती, तिला कुलूप नव्हतंच. प्रत्येक बिल क्रमांकासह लिहिलेलं. पाईप, सिमेंट, गवंडी, मजुरी, ट्रॅक्टरचं भाडं, चहापाणीसुद्धा. बाजूच्या फोल्डरमध्ये बिलांचे फोटो. एकूण खर्च ९४,८०० रुपये. जमा ९१,५०० रुपये, कारण तीन घरांचे प्रत्येकी १,५०० रुपये आलेच नव्हते. फरक ३,३०० रुपये. त्या रकमेपुढं अण्णांनी लिहिलं होतं, 'स्वतःकडून, तात्पुरते'.

आणि बाकी असलेल्या तीन घरांत दुसरं नाव माझं होतं.

मला आठवलं. मी पहिला हप्ता २,५०० दिला, दुसरा मुलीच्या लग्नाच्या गडबडीत राहिला. अण्णांनी पाच वर्षांत एकदाही मागितला नाही. उलट भेटले की विचारायचे, "साहेब, पाणी येतंय ना नीट?" मी आयुष्यभर लोकांची थकबाकी वसूल केली, आणि स्वतःची थकबाकी घेऊन, ज्यानं ती खिशातून भरली त्याच्यावर शंका घेत बसलो होतो.

त्याच संध्याकाळी १,५०० रुपये भरले. बाकीच्या दोन घरांनीही भरले, त्यांची नावं सांगायचं कारण नाही. समितीनं ठराव करून ३,३०० रुपये पाकिटात घालून वहिनींकडं नेले. मी म्हटलं, "वहिनी, आमचं चुकलं." त्यांनी पाकीट घेतलं, नोटा मोजल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, बरोबर आहेत. पण पावती करा. त्यांना चाललं नसतं." मी पावती केली. या वर्षीच्या सभेला वहिनी आल्या होत्या, हे तुम्ही पाहिलंच.

डिस्कवर आणखी एक फाईल होती, 'घर' नावाची. तिला वेगळा पासवर्ड होता. नातू म्हणाला, प्रयत्न करता येईल, वेळ लागेल. वहिनी म्हणाल्या, "ती घरची आहे, राहू दे." आम्ही संस्थेच्या फायली तेवढ्या उतरवून घेतल्या, नकलेतल्या बाकीच्या पुसल्या आणि मूळ डिस्क वहिनींच्या हातात दिली. ती फाईल आजही बंद आहे, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. प्रत्येक कुलूप उघडायचं नसतं.

पुढच्या २५ वर्षांसाठी

आपल्या घरोघरच्या उपयोगाचं चार शब्दांत सांगून थांबतो.

आमची युक्ती जुन्या लॅपटॉपला लागू पडली. नव्यावर विसंबू नका. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्कच सांकेतिक केलेली असते, बाहेर काढून जोडली तरी वाचता येत नाही. ती उघडायला ४८ आकडी एक क्रमांक लागतो. तो तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असू शकतो. आज, हातात सगळं असताना, तो शोधून कागदावर लिहून ठेवा. मोबाईलचंही तसंच. आपण खातं बराच काळ वापरलं नाही तर ते कुणाला द्यायचं हे नोंदवायची सोय गूगलनं २०१३ पासून केली आहे, आणि आपल्या पश्चात खातं कुणाला द्यायचं हे नोंदवायची सोय ॲपलनं २०२१ पासून. ती बँकेतल्या नामनिर्देशनासारखीच आहे, फॉर्म भरायला पाच मिनिटं लागतात.

संस्थेपुरतं समितीनं ठरवलं आहे ते असं. संस्थेच्या संगणकाचे सर्व पासवर्ड एका कागदावर, तो कागद पाकिटात, पाकिटाच्या जोडावर सचिव आणि खजिनदारांच्या सह्या. पाकीट अध्यक्षांकडं. उघडायचं झालं तर दोन सभासदांसमोर, आणि रजिस्टरला नोंद करून. समिती बदलली की पाकीट बदलायचं. आणि वर्षातून एकदा पाकिटातला पासवर्ड खरंच चालतो का ते बघायचं. मराठी मजकूर युनिकोडमध्येच, आणि वर्षाअखेर सगळ्याची छापील प्रत कपाटात. कपाट मात्र भिंतीपासून वीतभर पुढं, वाळवीसाठी.

पासवर्ड कुणाला सांगू नका, हे मी आजही सांगेन. पण त्यापुढं आता एक वाक्य जोडतो, जे २०१० साली अण्णांना सांगायला हवं होतं. दुसरी किल्ली सील करून विश्वासाच्या ठिकाणी ठेवा, आणि ती कुठं आहे ते घरच्यांना माहीत असू द्या.

२०१० ते २०१७ या काळातल्या इतिवृत्तांचा सारांश आणि अण्णांनी काढलेले फोटो याच स्मरणिकेत पुढं दिले आहेत. टाकीच्या पूजेच्या फोटोत सगळे आहेत, अण्णा तेवढे नाहीत. फोटो तेच काढत होते.

सर्वांना रौप्यमहोत्सवी वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा.

(लेखक संस्थेचे ज्येष्ठ सभासद व निवृत्त बँक अधिकारी आहेत.)